गावात कोणीच नव्हतं

सुभद्राकाकींनी नवऱ्याच्या हनुवटीखाली पंचा धरला आणि पेजेचा चमचा त्याच्या वाकड्या झालेल्या ओठांत सारला, तेवढ्यात खळ्यातून दाजी गुरवाची हाक आली. महादू सुटला होता. मुंबईच्या मोठ्या कोर्टाने त्याची जन्मठेप रद्द केली होती.

चमचा तोंडातच राहिला. पेज ओठांच्या कडेने गळ्यावर उतरली. काकींनी ती पुसली, वाटी खाली ठेवली, आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि मगच त्या पडवीत आल्या. ते दार ओढून घ्यायला त्या कधी विसरत नसत. ज्याच्या नुसत्या खाकरण्याने देवळातला गलका बंद व्हायचा, तो खाजणवाडीतल्या पहिल्या मानाच्या घराचा मालक आता लहान पोरासारखा अंथरूण ओलं करतो, हे गावाने ऐकलं होतं. बघितलं नव्हतं. काकींच्या जिवात जीव असेपर्यंत बघणारही नव्हतं. गाव त्यांना थोरले म्हणायचं, आणि थोरल्यांनी गावाच्या डोळ्यांत थोरलेच राहायचं होतं.

दाजी पायरीवर बसला. मुंबईच्या मंडळींनी निरोप धाडला होता आणि तो घरोघर पोचवताना दाजीला धाप लागली होती. आनंदाने की चवीने, ते त्याचं त्याला ठाऊक. ज्याच्या खुनासाठी महादू आत गेला त्या शेजारच्या बाबूच्या मरणाचा तपास चालू होता तेव्हा पोलिसांनी म्हणे एका बाईची जबानी घेतली होती. बाबूला कोणी मारलं नाही, तो माडावरून पडला, मी डोळ्यांनी पाहिलं, असं तिने सांगितलं होतं. तो कागद जिल्ह्याच्या कोर्टात कोणी दाखवलाच नाही. महादूच्या वकिलाला त्याचा वाससुद्धा लागू दिला नाही. मुंबईच्या जज्जाने तो मागवून घेतला, वाचला आणि सरकारी वकिलाला भर कोर्टात उभा सोलला. हे वेळेवर पुढे आलं असतं तर या माणसाला कोणी दोषी धरलं नसतं, असं म्हणाला.

"कोण बाई?" काकींनी विचारलं.

"ताच तर कोणाक कळणा नाय." दाजी एक पायरी वर सरकला. "गावपळणीत गावात बाई, काकी. देवाच्या गावात. कोण आसतली?"

"घराक जावन तुझ्या बायलेक इचार. देवापेक्षा तिका तिची मडकी जास्त प्यारी."

दाजी हसला आणि पुढच्या घराकडे गेला. तो कुंपणाच्या बेड्याबाहेर पडेपर्यंत काकी ताठ उभ्या होत्या. मग त्यांनी पडवीच्या खांबाला हात लावला, आणि तो सुटेना.

गावपळण काय असते ते या मुलखात कोणाला सांगावं लागत नाही. तीन-चार वर्षांनी रवळनाथ कौल देतो आणि अख्खं गाव ओस पडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, टोपलीत घालून मांजरंसुद्धा खाडीपलीकडे जातात आणि माडाच्या चुडतांच्या खोपींत राहतात. देव परत बोलावीपर्यंत गाव त्याचं आणि त्याच्या चाळ्यांचं, भुताखेतांचं. त्या दिवसांत गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. तिथे कोणी दिसलं तर ते माणूस नव्हे, कोणी हाक मारली तर ती माणसाची नव्हे. पोर चालायला शिकतं त्याच्या आधी हे शिकतं.

मागच्या गावपळणीच्या थोडं आधीच थोरल्यांवरून वारं गेलं होतं. एक अंग लुळं पडलं, जीभ गेली. असा माणूस डोलीत घालून, लाळ गाळत, अख्ख्या गावासमोरून न्यायचा? काकींनी गावात सांगितलं की त्यांना औषधाला वेंगुर्ल्याला भावाकडे धाडलं, पहाटेच्या होडीने गेले. प्रत्यक्षात थोरले आतल्या खोलीत होते, आणि त्यांचं करायला काकींनी विमलाला मागे ठेवलं होतं. विमला थोरली सून, लग्न होऊन वर्ष झालं होतं, नवरा मुंबईला नोकरीत. ती माहेरी गेली असंही गावाला सांगून झालं. चूल पेटवू नको, दार उघडू नको, कोणी ओरडलं तरी ओ देऊ नको, ओरडणारं माणूस नसणार, एवढं बजावून काकी गुरं पुढे घालून खाडी उतरल्या. मान वर करून उतरल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमलाने मागच्या झरोक्यातून बाबूला पाहिलं. महादूच्या आणि त्याच्या हद्दीवरच्या माडावर तो चढत होता. त्या एका माडावरून दोघांचं वर्षानुवर्षं वाजत होतं, आणि बाबूने ओसाड गाव बघून त्याचे नारळ पाडून घ्यायचं ठरवलं असणार. महादूच्या खोपटातला कोयतासुद्धा त्याने कमरेला लावला होता. पण विमलाला हे काही सुचलं नाही. गावात माणूस असूच शकत नव्हतं, तेव्हा हा बाबू नव्हता. देवचाराने बाबूचं रूप घेतलं होतं. तो पडला. आवाज झाला. आणि मग बराच वेळ तो ओरडत होता. विमला सासऱ्याच्या उशाशी कान दाबून बसली.

गाव परतलं तेव्हा माडाखाली बाबू मरून पडला होता. डोकं फुटलेलं, कुशीत कोयत्याची जखम, कोयता महादूचा. त्या दुपारी महादू खोपींत नव्हता. गरी घेऊन एकटाच कुठे खाडीवर गेला होता, आणि एकट्याला साक्षीदार कुठून असणार? जमादाराला एवढं पुरे होतं. कोर्टात गावातला एकेक माणूस पिंजऱ्यात उभा राहिला आणि देवाची शपथ घेऊन म्हणाला, गावात कोणीच नव्हतं. खोटं कोणी बोललं नाही. त्यांना ते खरंच वाटत होतं. पण गावात कोणीच नव्हतं, तर मग बाबूला मारणारा तोच, जो खोपींत नव्हता. त्या एका वाक्यात महादू बुडाला.

आणि विमला? जमादार पाणी प्यायला घरी आला तेव्हा काकी देवळात होत्या. तेवढ्यात पोरीने त्याला सगळं सांगितलं आणि कागदावर अंगठा दिला. काकींना संध्याकाळी कळलं. त्यांनी जमादाराला बोलावून घेतलं, पडवीत बसवलं, दोन शहाळी फोडून दिली. म्हणाल्या, पोरीचं नुकतंच पोट पडलंय, तिला काहीबाही दिसतं. या घराची सून गावपळणीत गावात होती असं लिहाल तर उद्यापासून या गावात तुम्हाला साक्षीदार सोडा, कोणी वाट दाखवायचं नाही. जमादाराने शहाळं संपवलं आणि कागदाची घडी केली. त्यालाही तो कागद अडचणीचाच होता.

हे सगळं आता वर येणार होतं. मुंबईच्या जज्जाने त्या बाईचं नाव वाचलं असणार. महादूने ते ऐकलं असणार. आणि महादू गावाकडे निघाला होता.

दुपारी बायका विहिरीवर जमल्या. काकींच्या विहिरीचं पाणी गोडं, अर्धी वाडी तिथेच भरायची. त्या दिवशी कळशा भरल्या तरी पाय निघेनात. ती बाई कोण, याच्यावर ज्याची त्याची अक्कल चालली होती. कोणी म्हणालं परगावची बोहारीण असेल. कोणी वाडीतल्याच एकीचं नाव घेतलं, ती नेमकी तिथे नव्हती. कोणीही असो, तिच्या घराचा मान गेला, त्या घरचं पाणीसुद्धा कोणी पिणार नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. हे सगळं त्या बायका काकींच्याच विहिरीचं पाणी डोक्यावर घेऊन बोलत होत्या. काकी पडवीत सुपारी कातरत बसल्या होत्या. अडकित्ता बोटाला लागला तेव्हा त्यांनी बोट तोंडात घातलं आणि बायकांना म्हणाल्या की तुमची तोंडं शिवायला दाभण घेऊन बसायला हवं.

मग जानकी आली, महादूची बायको, आणि सगळ्या बाजूला सरल्या. रोज यायची तशीच आली होती. कळशी कमरेला, कपाळावर कुंकू रोजच्यासारखंच. एकीने न राहवून विचारलंच, काय गो, घोवान काय कळवल्यान?

"घोव माझो येता," जानकी म्हणाली. "माका तेवढाच ठावक."

तिने विहिरीचा दोर घ्यायला हात पुढे केला. तो आधीच विमलाच्या हातात होता. या घराच्या सुनेने महादूच्या बायकोला पाणी काढून दिलं. जानकीने नको म्हटलं नाही, आश्चर्यही दाखवलं नाही. दोघींनी मिळून कळशी उचलली, अशी, की यापूर्वीही कधी मिळून काही उचललेलं असावं. काकी बघत होत्या. कातरलेली सुपारी त्यांच्या मांडीवरून खाली सांडली.

बायका गेल्यावर काकी रांधपात आल्या. विमला भाकरी थापत होती.

"जानकीक तू सांगलंस."

"होय." तिचे हात थांबले नाहीत.

"कधी?"

"शिमग्यात. व्हाळार एकटी गावली."

"मगे? तिणा काय केल्यान?"

"काय नाय. लुगडा पिळी होती, एक टोक माका धरूक सांगल्यान."

म्हणजे शिमग्यापासून जानकीला माहीत होतं. वकिलाला तो कागद मागवायला तिनेच सांगून धाडलं असणार. शिमग्यापासून ती रोज इथे येत होती, पाणी भरत होती, काकी आसात का बऱ्या, म्हणून विचारत होती.  काकींचं तोंड सुटलं. या घराचा मान गेला तर तू कुठे जाशील, नवरा मुंबईला, पोटाला पोर नाही, कोणाच्या दारात उभी राहशील, तुझ्या बापाने हेच शिकवून पाठवलं का, असं त्या बोलत राहिल्या. विमलाने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि मग मान वर केली.

"आये, तो पाणी मागी होतो."

विमलाने पुढचा गोळा हातात घेतला.

"सांज होयसर मागी होतो. आवाज मी वळखलंय. तरी गेलंय नाय."

भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा दोघींपैकी कोणीतरी ती उलटली.

महादू दुसऱ्या दिवशी आला. कसालला एस्टीतून उतरला आणि तिथून भाताच्या गाडीतून. केस पांढरे, गालांत खड्डे, चालताना पावलं आखूड पडत होती. आधी देवळात आला, घरी मग. देवळात गाव जमलंच होतं, कारण त्याच दिवशी कौल लावायचा होता. काकी बायकांत पुढे, आपल्या जागेवर बसल्या. न येऊन चाललं नसतं. न येणारी बाई कोण हे गावाने लगेच ओळखलं असतं. 

महादूने देवाला नारळ ठेवला. ज्यांनी त्याच्याविरुद्ध शपथा घेतल्या होत्या त्यांना खाली बघायला फरशी अपुरी पडत होती. दाजीने मात्र वेळ घालवला नाही. त्याने देवासमोर, सगळ्यांदेखत विचारलं की ती बाई कोण, तिचं नाव सांग.

महादू देवाकडे बघत होता. काकींना त्याची फक्त पाठ दिसत होती. त्या पाठीकडे त्या इतक्या रोखून बघत होत्या की सदऱ्याची उसवलेली शिवण त्यांच्या कायमची ध्यानात राहिली.

"साहेबान सगळा इंग्रजीत वाचल्यान," महादू म्हणाला. "माका 'महादू' सोडून एक अक्षार कळला नाय."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, सुटका झाल्यासारखे. काकी हसल्या नाहीत. हा माणूस कागद न ऐकता तुरुंगातून बाहेर आला असेल, पण जानकीचं ऐकल्याशिवाय नाही. त्याला नाव माहीत होतं. देवासमोर उभा राहून तो खोटं बोलला होता, आणि आता ते खोटं त्याच्या हातात होतं. पाहिजे तेव्हा खाली टाकायला मोकळा. मागितलं असतं त्याने काही, जमीन, माड, माफी, तर काकींना बरं वाटलं असतं. मागणाऱ्याला उत्तर देता येतं.

कौल लावला. देवाला लावलेल्या फुलांतला उजवा कळा पडला, म्हणजे होकार. गावपळण ठरली. आणि मानकऱ्यांनी आणखी एक ठरवलं. मागच्या खेपेला कोणी बाई गावात राहिली, देव कोपला, माणूस गेला. या खेपेला निघण्यापूर्वी दाजीने चौघांना घेऊन प्रत्येक घर आतून बघायचं.

वेंगुर्ल्याचा भाऊ मागच्या वर्षीच वारला होता. धाडायला जागा नव्हती. पुढचे दिवस काकींना झोप आली ती तुकड्यातुकड्यांनी. थोरल्यांच्या उशाशी बसून त्या त्यांचा चेहरा बघत. एकदा त्यांच्या मनात आलं की देवाने यांना आधीच नेलं तर. मग त्या घाबरून उठल्या आणि नवऱ्याच्या नाकापुढे हात धरून बसल्या, हाताला श्वास लागेपर्यंत.

निघायच्या सकाळी ढोल वाजायला लागले. घराघरांतून गुरं सुटली, कोंबड्या खुराड्यांसकट डोक्यावर चढल्या. काकींच्या मागच्या दारावर थाप पडली. काकींनी कडी काढली आणि एक पाऊल मागे झाल्या. दारात महादू होता. कमरेला कोयता, खांद्यावर ताजा तोडलेला बांबू.

"थोरल्यांका न्हेवक इलंय," तो म्हणाला.

"तुका कोणी बोलावल्यान?"

"कोणी नाय. चार माणसां व्हयी. तिघां भायर आसत."

काकींची नजर कोयत्यावर होती. महादूच्या ते लक्षात आलं. त्याने तो काढून उंबऱ्याबाहेर ठेवला आणि आत आला. आतल्या खोलीचं ते दार आजवर कोणा परक्याने उघडलं नव्हतं. त्याने उघडलं. वास आला तरी त्याने नाक मुरडलं नाही. तुरुंगात माणूस बरेच वास शिकतो. विमलाने सासऱ्याचं धोतर बदललं, महादूने त्यांना काखेत धरून उचललं. थोरल्यांचा एक डोळा त्याच्याकडे बघत राहिला. मग जाड चादरीची झोळी करून दोघं बांबूला गाठ मारायला बसले, एका टोकाला काकी, दुसऱ्या टोकाला महादू. विमला गाठोडं घेऊन बाहेर गेली.

"त्या दिसा मी खाडीच्या तोंडार गरी टाकून बसलेलंय," महादू म्हणाला. तो गाठीकडेच बघत होता. "तुमच्या माडांतसून धूर दिसलो."

पोरीने चूल पेटवली होती तर. म्हाताऱ्याला गरम पाणी करायला पेटवली असणार. काकींच्या बोटांतली गाठ सैल झाली.

"वकिलान माका इचारल्यान, गावात कोण होता काय. मी सांगलंय, कोण नाय."

"कित्याक?" काकींनी विचारलं.

"थोरल्यांच्या घराचा नाव मी कसा घेव? माका वाटला, तुमी येशात. आज नाय तर उद्या, तुमीच येवन सांगशात." त्याने आपल्या बाजूची गाठ ओढून घट्ट केली. मग उठून काकींच्या बाजूला आला, त्यांची सुटलेली गाठ पुन्हा मारली. "मगे वाट बघूची सवय झाली."

 काकी वाट बघत होत्या, की तो बोलेल, शिव्या घालेल. त्याने बाहेरच्या तिघांना हाक मारली.

काकींनी थोरल्यांच्या तोंडावर आपलं नवं लुगडं पांघरलं, कडेने खोचलं आणि झोळीच्या पुढे चालू लागल्या. वाटेवर दोन्हीकडे माणसं उभी होती. सगळी बघत होती, बघणारच. चार पावलांवर लुगड्याखालून घरघर ऐकू आली. कापड श्वासाबरोबर तोंडात ओढलं जात होतं. काकी थांबल्या. एकदा त्यांनी वाटेकडे बघितलं, माणसांच्या त्या रांगेकडे, आणि मग लुगडं काढून घेतलं. ऊन थोरल्यांच्या वाकड्या तोंडावर पडलं. बायकांत कोणीतरी चुकचुकलं. एक पोर आईच्या मागे लपलं.

दाजी घरं बघून परत येत होता. तो झोळीजवळ आला, वाकून बघितलं, आणि त्याचेसुद्धा डोळे भरले. माणूस वाईट नव्हता, तोंड तेवढं सैल.

"अरेरे. काकी, गेल्या खेपेक वेंगुर्ल्याक धाडलात ताच बरा केलात. आता ह्या उन्हात ह्यांचे हाल कशाक?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. नुसतं पुढे चालत राहिलं असतं तरी चाललं असतं.  झोळीच्या मागच्या टोकाला महादू होता. त्याची मान खाली होती. तो आत्ताही काही बोलणार नव्हता, कधीच बोलणार नव्हता.

"गेल्या खेपेक ते वेंगुर्ल्याक नाय होते," काकी म्हणाल्या. "हयच होते. माझ्या घरात."

दाजीचं तोंड उघडं राहिलं. त्याच्या मागच्या माणसांत कुजबुज सुरू झाली आणि वाटेने पुढे पुढे सरकत गेली, ढोल वाजत होते तिथपर्यंत. तिथे एक ढोल थांबला. मग दुसरा. पुढचे दोघे बांबू खांद्यावर घेऊन जागीच उभे राहिले. हा बांबू धरावा की खाली ठेवावा, त्यांना कळेना.

"चला रे," मागून महादू म्हणाला. "ऊन चढता."

काकी चालू लागल्या. खाडीपर्यंत वाट सरळ होती. मागे पावलं वाजत होती, पण ती चौघांचीच होती की आणखी कोणाची, ते काकींना कळत नव्हतं. त्यांनी वळून बघितलं नाही.